रानपिंगळा, चार पायऱ्यांनी

मृग लागायच्या थोडं आधी, वळवाचे एकदोन शिडकावे झाले की मुरबाड-शहापूरच्या रानात शेवळं जमिनीतून वर येतात. बायका त्यांच्या जुड्या बांधून बाजारात आणतात. ही भाजी करायची रीत तिथल्या आठ वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असते. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं आणि काकडाची आंबट फळं घातल्याशिवाय शिजवायचं नाही, नाहीतर घसा खवखवतो. घसा का खवखवतो, हे मात्र तिला कुणी सांगितलेलं नसतं. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात.

आता शेवळांवरचा एक परिच्छेद दोन मुलींना वाचायला दिला, असं समजू. एक दादरची, झरझर वाचणारी. दुसरी टोकावड्याची, अक्षराला अक्षर जोडत सावकाश वाचणारी. वाचून झाल्यावर दोघींना विचारलं, काय कळलं? जास्त कुणाला सांगता येईल?

डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८८ मध्ये जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी सातवी-आठवीतली ६४ मुलं निवडली. काही वाचनात हुशार, काही कच्ची. आणि दोन्ही गटांत काहींना बेसबॉल चांगला कळायचा, काहींना अजिबात नाही. सगळ्यांना बेसबॉलच्या सामन्याचं एक वर्णन वाचायला दिलं. समोर मैदानाची लहानशी प्रतिकृती आणि खेळाडूंच्या लाकडी बाहुल्या मांडल्या आणि सांगितलं, वाचलंत ते आता हलवून दाखवा. खेळ जाणणाऱ्या कच्च्या वाचकांनी खेळ न जाणणाऱ्या हुशार वाचकांना सरळ मागं टाकलं. वाचनाच्या परीक्षेतल्या गुणांपेक्षा डोक्यात आधीपासून काय आहे, याचं वजन जास्त ठरलं.

हा निकाल पहिल्यांदा कळला तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच्याच विचारात होतो. आपण समजतो की वाचन हे एक कौशल्य आहे, पोहण्यासारखं. एकदा आलं की कुठल्याही पाण्यात येतं. तसं ते नाही. वाक्य अर्धं कागदावर असतं आणि अर्धं वाचणाऱ्याच्या डोक्यात. डोक्यातला अर्धा भाग नसेल, तर कागदावरचा कितीही सुबक छापा, कळत नाही. म्हणूनच शहापूर-मुरबाडच्या मुलांना वाचायला शिकवताना त्यांच्या हाती माहितीची पुस्तकं, तीही सोप्याकडून अवघडाकडे पायरीपायरीनं चढत जाणारी, द्यायला हवीत असं मला फार मनापासून वाटतं. गोष्टीची पुस्तकं हवीतच. पण खेकडे, धरण, भातशेती, घुबड, रेल्वे यांच्यावरची पुस्तकं मुलाला वाचायला शिकवतात आणि पुढचं वाचायला लागणारं ज्ञानही त्याच फेरीत डोक्यात भरतात.

हे कसं घडतं ते कळायला आधी मेंदूत डोकवावं लागेल.

वाचनासाठी मेंदूत जन्मजात जागा नाही. बोलणं माणसाच्या हाडीमासी आहे; मूल कुणी न शिकवता बोलतं. लेखन मात्र जेमतेम पाच हजार वर्षांचं, एवढ्या थोड्या काळात उत्क्रांती त्याच्यासाठी वेगळा अवयव घडवू शकत नाही. मग मेंदू काय करतो? डाव्या बाजूला, मागच्या आणि खालच्या अंगाला दृष्टीचा एक लहानसा पट्टा आहे. वस्तू आणि चेहरे ओळखण्याचं काम तिथं चालतं. वाचायला शिकताना त्यातला एक तुकडा अक्षरांसाठी राखून ठेवला जातो. स्तानिस्लास दहान या फ्रेंच शास्त्रज्ञानं या जागेचा बारकाईनं अभ्यास केला आहे. जग मात्र या जागेच्या मागावर लागलं ते शतकभर आधी, एका रुग्णामुळे. १८८७ मध्ये पॅरिसमधल्या एका गृहस्थाला एके दिवशी वाचताच येईना. माणसं आणि वस्तू ओळखता यायच्या, बोलणं स्पष्ट, हातानं पत्रही लिहिता यायचं. पण स्वतः लिहिलेलं पत्र स्वतःला वाचता येत नव्हतं. ज्यूल देजेरीन या डॉक्टरनं त्यांचा अभ्यास केला. गृहस्थांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या मागच्या भागाला इजा झालेली आढळली.

ही जागा वाचता येणाऱ्या सगळ्या माणसांत जवळजवळ एकाच ठिकाणी सापडते, मग लिपी चिनी असो, रोमन असो की देवनागरी. आणि ती तयार करायला वयाची अट नाही. २०१७ मध्ये लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर माणसांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ सगळ्या स्त्रिया होत्या, बहुतेक तिशीतल्या. त्यांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं, आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. संशोधकांना बदल अपेक्षित होते ते मेंदूच्या वरच्या थरांत. प्रत्यक्षात थॅलॅमस आणि मेंदूचा देठ अशा खूप खोल, खूप जुन्या भागांतही फरक दिसला. हे भाग दृष्टीच्या भागांशी जास्त ताल धरून चालू लागले होते. वाचनासारखी काल-परवाची गोष्ट इतक्या आदिम भागाला हलवते!

वाचायला शिकायला वयाची अट नाही, हे कळायला मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाला मेंदूच्या चित्रांची गरज पडली नसती. तिथं ८ मार्च २०१६ ला, महिलादिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. पोथी वाचता आली असती तर, अशी खंत गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या मनात होती. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती ऐकली आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साथीनं शाळा उभी केली. साठी उलटलेल्या आज्या, काहींनी तर ऐंशी ओलांडलेली, गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी घरची कामं उरकून येऊ लागल्या. सत्तरीतल्या हातानं पाटीवर 'क' काढताना मेंदूत तेच काम सुरू होतं, जे पहिलीतल्या नातवाच्या मेंदूत चालू असतं. आजी आणि नातू एकाच पायरीवर. नातवाकडून आजी गृहपाठ तपासून घेते, हे त्या गावात नवलाचं राहिलेलं नाही.

आता आपल्या लिपीकडे वळू, कारण इंग्रजी मुलांसाठी ठरवलेल्या पायऱ्या मराठीला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. इंग्रजीत सव्वीस अक्षरं, पण त्यांचे उच्चार पाहावे तिकडे फिरतात. मराठीत उच्चार बराच प्रामाणिक, पण अक्षरांची संख्या भरमसाट. प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, वर जोडाक्षरं. मुलाला शेकडो आकार ओळखावे लागतात. इंग्रजी मुलाची मुळाक्षरं वर्षभरात संपतात, तर भारतीय लिप्यांत अक्षरओळख चौथी-पाचवीपर्यंत चालू राहते, हे सोनाली नाग यांच्या कन्नड मुलांवरच्या कामातून पुढं आलं आहे.

आणि काही आकार तर डोळ्याला चकवा देतात. 'हिरवा' हा शब्द पाहा. वेलांटी आधी लिहिलेली, 'ह' नंतर; पण तोंडानं 'ह' आधी आणि 'इ' नंतर. डोळ्यानं डावीकडून उजवीकडे जावं तर आवाज उलटा लागतो. २००२ मध्ये ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचणाऱ्यांवर प्रयोग करून दाखवलं की अशा शब्दांना वेळ जास्त लागतो. 'सूर्य' आणि 'पर्वत' यांतला रफार त्याहून पुढं जातो. तो आधी उच्चारायचा आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर काढायचा. आपण मोठी माणसं हे रोज हजारदा करतो आणि आपल्याला कळतही नाही. पहिलीतल्या मुलाला प्रत्येक वेळी थांबून मेंदूत अदलाबदल करावी लागते.

ही अदलाबदल महागात पडते. एका वेळी थोडीच माहिती मनात धरता येते, आणि ती काही क्षणांत विरते. मिनिटाला वीस शब्द या गतीनं बारा शब्दांचं वाक्य वाचायला छत्तीस सेकंद लागतात. शेवटच्या शब्दाशी पोचेपर्यंत पहिला शब्द मनातून निसटलेला असतो. मूल सगळी अक्षरं बरोबर वाचतं आणि वाक्याचा अर्थ विचारला की गप्प बसतं. त्याला काही येत नाही असं नाही. ते वाक्य त्याच्या गतीसाठी लांब होतं. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानं तिसरीअखेर मिनिटाला निदान साठ शब्द, समजून, असं उद्दिष्ट ठेवलं आहे, त्यामागचं कारण हेच. पहिल्या पायरीच्या पुस्तकात वाक्यं तीन-चार शब्दांची का असतात, याचंही.

अशी पायरीपायरीची पुस्तकं काढणारी प्रथम बुक्स ही प्रकाशन संस्था २००४ ची. तिनं २०१५ मध्ये, जागतिक साक्षरतादिनी, स्टोरीवीव्हर नावाचं खुलं भांडार सुरू केलं. मराठीसह कितीतरी भाषांतली पुस्तकं तिथं फुकट वाचता, छापता आणि नव्यानं लिहिता येतात, आणि त्यांच्या चार पायऱ्या केलेल्या आहेत. पहिल्या पायरीत अडीचशेहून कमी शब्द, तेही पुन्हा पुन्हा येणारे, दुसरीत साधारण सहाशेपर्यंत, तिसरीत पंधराशेपर्यंत, चौथीत त्याहून जास्त. शब्दसंख्या हे वरवरचं माप झालं. पायरी बदलते तेव्हा आत काय बदलतं, ते एका विषयावर करून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी तानसा अभयारण्यातला रानपिंगळा घेतो.

पहिली पायरी. हा रानपिंगळा. रानपिंगळा दिवसा उडतो. सरडा दिसला! रानपिंगळा झेपावला. सरडा कुठं गेला?

एकही जोडाक्षर नाही. 'रानपिंगळा' हा शब्द लांब आहे, पण तो तीनदा येतो आणि पानावर त्याचं चित्र आहे. पहिल्या वेळी मूल चित्र पाहून अंदाज करेल, दुसऱ्या वेळी तपासून पाहील, तिसऱ्या वेळी वाचेल. माहितीच्या पुस्तकात हे फार महत्त्वाचं. गोष्टीत अवघड शब्द गाळून सोपा घालता येतो, पण रानपिंगळ्याला 'पक्षी' म्हटलं की पुस्तकाचा जीवच गेला. म्हणून इथं शब्द सोपा करायचा नाही, तो पुन्हा पुन्हा भेटवायचा.

दुसरी पायरी. रानपिंगळा हे छोटं घुबड आहे. बरीच घुबडं रात्री शिकार करतात, रानपिंगळा मात्र दिवसा करतो. तो झाडाच्या उघड्या फांदीवर बसून खाली पाहतो. सरडा किंवा उंदीर दिसला की झेप घेतो. त्याचं घरटं झाडाच्या ढोलीत असतं.

जोडाक्षरं आली, पण रोजच्या बोलण्यातलीच. खरा फरक 'मात्र' या शब्दात आहे. दोन गोष्टींची तुलना सुरू झाली. आता मुलाला दोन वाक्यांचं नातं मनात धरावं लागतं. 'मात्र', 'म्हणून', 'पण', 'तरी' हे शब्द मुलं बोलताना वापरतातच. कागदावर भेटल्यावर त्यांनी नेमकं काय करायचं, हे मात्र त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

तिसरी पायरी. १८८४ नंतर रानपिंगळा कुणालाच दिसला नाही. शंभरहून जास्त वर्षं गेली. हा पक्षी नामशेष झाला, म्हणजे जगात एकही उरला नाही, असं पक्षी-अभ्यासकांना वाटलं. पण १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात तो पुन्हा दिसला. आणि २०१४ मध्ये तो आपल्या तानसा अभयारण्यातही सापडला.

इथं काळ आला, सनावळी आली, आणि 'नामशेष' हा शब्द आपला अर्थ काखेत घेऊन आला. असा अर्थ वाक्यातच गुंफून देणं हे माहितीच्या पुस्तकांच्या लेखकाचं मोठं कसब. शिवाय एक नकाशा हवा, शहादा आणि शहापूर दाखवणारा. नकाशा, चित्राखालची ओळ, तक्ता, अनुक्रमणिका हेसुद्धा वाचायला शिकावं लागतं, आणि ते शिकायची जागा गोष्टीच्या पुस्तकात नसते. माहितीचं पुस्तक मधूनही उघडता येतं, हा शोध मुलांना फार आवडतो.

चौथ्या पायरीवर मी मुलांना थेट फसवणुकीची हकिगत सांगेन, कारण ती खरी आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं दावा केला होता की १९१४ मध्ये आपण गुजरातेत मांडवीजवळ रानपिंगळा मारला. लोक त्यावर विसंबून तिकडे शोधत राहिले. पॅमेला रासमुसेन या संशोधिकेनं संग्रहालयांतले जुने नमुने बारकाईनं तपासले. मांडवीचा पक्षी बनावट निघाला. दुसऱ्यानं पूर्वी जमवलेला नमुना चोरून, पुन्हा पेंढा भरून, नवी चिठ्ठी लावलेला. रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी मांडवी यादीतून काढून टाकली आणि खरे नमुने जिथून आले होते त्या भागांत शोध घेतला. तिथं तो दिसला, उघड्या फांदीवर, भर सकाळी. चौथ्या पायरीवरचा वाचक पक्ष्याबरोबरच पुरावा म्हणजे काय हेही वाचत असतो. लिहिलेलं सगळं खरं नसतं, ते तपासता येतं, हे दहा वर्षांच्या मुलाला कळणं मला अतिशय मोलाचं वाटतं.

आता गंमत पाहा. पहिल्या पायरीचं पुस्तक वाचलेलं मूल चौथ्या पायरीशी पोचतं, तेव्हा त्याला रानपिंगळा दिवसा फिरतो, उघड्या फांदीवर बसतो, सरडे खातो हे सगळं माहीत असतं. बेसबॉलच्या प्रयोगातला 'खेळ जाणणारा' वाचक आपण आपल्या हातानं तयार केलेला असतो. एकाच विषयावरच्या चढत्या पुस्तकांची ताकद ही आहे. दहा वेगवेगळ्या विषयांवर एकेक पुस्तक दिलं, तर प्रत्येक वेळी मूल अनोळखी प्रदेशात उभं राहतं.

आपल्या शाळांत माहितीचं वाचन किती होतं? मराठीपुरतं मोजून सांगावं असा आकडा माझ्यासमोर नाही. अमेरिकेत नेल ड्यूक यांनी पहिलीच्या वीस वर्गांत बसून मोजलं आणि २००० मध्ये प्रसिद्ध केलं. दिवसाकाठी सरासरी ३.६ मिनिटं. आपल्याकडे पहिली-दुसरीचं वाचन गोष्टी-कवितांवर चालतं आणि तिसरीत परिसर अभ्यासाचं पुस्तक एकदम हाती येतं. चौथी-पाचवीत बाष्पीभवन, परिसंस्था, संविधान. तोवर बरं वाचणारं मूल इथं अडखळू लागतं, आणि घरी पुस्तकं नसलेलं मूल सगळ्यात आधी. जीन चॉल या अमेरिकी विदुषीनं ही चौथीतली घसरण ओळखली होती. अक्षरं चुकत नसतात. शब्दांमागचं जग कमी पडत असतं. २०२२ च्या असर पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येणारी मुलं २०.५ टक्के होती. करोनाकाळाचा मार त्यात होता हे खरं. पण आकडा मन खिन्न करतो.

तिसरीचं परिसर अभ्यासाचं एक पुस्तक बालभारती जिल्ह्यानुसार वेगळं काढत आली आहे, ही मला नेहमी अभिमानाची गोष्ट वाटते. आपल्या जिल्ह्याचा नकाशा, आपल्या नद्या, आपली पिकं. हेच धोरण पायऱ्यांच्या पुस्तकांपर्यंत खाली आणि वर न्यायला काय हरकत आहे? शहापूर-मुरबाडात विषयांना तोटा नाही. तानसा धरण १८९२ मध्ये पुरं झालं. भातसाही शहापुरात, आणि मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातशाचा. आणि एप्रिल-मे मध्ये त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. 'आपलं पाणी कुठं जातं?' या नावाचं पुस्तक पहिल्या पायरीवर पाइपच्या चित्रांचं असेल, चौथ्या पायरीवर ते मुलांना प्रश्न विचारायला लावेल. कसाऱ्याला घाट चढताना रेल्वेगाडीला मागून इंजिनं का लावतात? कारण सदतीस मीटर पुढं गेल्यावर रूळ एक मीटर वर चढतो, आणि रेल्वेसाठी हा चढ भयंकर आहे. हा घाट रेल्वे १८६५ पासून चढते आहे. मुरबाडच्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलं की वर लेण्याच्या भिंतीवर सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात किती गाई, किती घोडे दिले ते त्यात आकड्यांनी कोरलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे आकडे आपण पाटीवर गिरवतो त्या आकड्यांचे पूर्वज. आणि राब! पेरणीआधी जमीन का भाजायची, हे मुलानं शेतात पाहिलेलं असतं. त्यावरचं पुस्तक त्याला जे करताना पाहिलं त्याची कारणं देतं.

इथं एक अडचण उभी राहते, आणि ती लिपीहून मोठी आहे. या तालुक्यांतल्या पुष्कळ मुलांच्या घरी ठाकरी, वारली, कातकरी बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना परकी नाही, पण घरची नाही. पहिल्या पायरीच्या पुस्तकातलं वाक्य वाचायला सोपं असूनही कानाला अनोळखी असेल, तर ती पायरी पहिली राहत नाही. या मातीत या प्रश्नावर काम झालेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, शंख-शिंपले, पानं, बिया यांना शिक्षणसाहित्य बनवलं. वाडा तालुक्यात सोनाळ्याला निलेश निमकर यांनी २००७ मध्ये सुरू केलेली क्वेस्ट ही संस्था आदिवासी मुलांच्या वाचन-लेखनावर चिकाटीनं काम करते. तिच्या गोष्टरंग उपक्रमात तरुण कलाकार आश्रमशाळांत जाऊन पुस्तकांतल्या गोष्टी नाटकातून सादर करतात, आणि मग मुलं त्या पुस्तकांवर तुटून पडतात. पुस्तक आधी कानातून जाऊ द्यायचं. माहितीच्या पुस्तकालाही हेच लागू आहे. गुरुजींनी किंवा बाईंनी चौथ्या पायरीचं पुस्तक मोठ्यानं वाचावं, दुसऱ्या पायरीचं मुलांनी स्वतः.

दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. विधायक संसद या संस्थेनं वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या त्या याच मुलांसाठी. जूनमध्ये परतलेलं मूल वयानं चौथीत बसतं आणि वाचनानं दुसऱ्या पायरीवर असतं. वर्गाला एकच पुस्तक असेल, तर त्याला वर्षभर बसून राहण्याखेरीज काही करता येत नाही. पायऱ्यांचा संच असेल, तर सोडलं तिथून धरता येतं. मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून शिकवलं की फरक पडतो, हे प्रथम या स्वयंसेवी संस्थेनं अनेक राज्यांत दाखवलं. त्यांच्या मुंबई-बडोद्यातल्या बालसखी उपक्रमाचा अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. असरची वाचनचाचणीही किती साधी! अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पाच मिनिटांत मूल कुठं आहे ते कळतं.

पायरी पुस्तकाला असते, मुलाला नसते. हे जितकं ठासून सांगावं तितकं थोडं. 'हा दुसऱ्या पायरीचा मुलगा' असं वर्गात एकदा म्हटलं गेलं, की तो मुलगा तिथंच राहायचा. शंभरातले नव्वद-पंचाण्णव शब्द वाचता आले तर पुस्तक शिकण्याजोगं, त्याखाली अवघड, असे आडाखे न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांच्यासारख्यांच्या कामातून रूढ झाले आणि शिक्षकांना त्यांचा उपयोगही होतो. पण सोप्या पातळीतच मुलांना धरून ठेवल्यानं वाचन जास्त सुधारतं याला पुरेसा पुरावा नाही, असं टिमथी शानाहान यांच्यासारखे अभ्यासक बजावतात. मला त्यांचं पटतं, आणि कारण पुन्हा तेच बेसबॉलचं. ज्या मुलानं बापाबरोबर पहिल्या पावसात रात्री टॉर्च घेऊन खेकडे पकडले आहेत, त्याला खेकड्यांचं तिसऱ्या पायरीचं पुस्तक द्यावं, मग त्याची नेहमीची पायरी पहिली का असेना. मादी पोटाखाली पिल्लं घेऊन फिरते हे त्यानं पाहिलेलं आहे. वाक्य अर्धं झालं की उरलेलं तो स्वतःच पुरं करेल, आणि मग पुस्तकात लिहिलेलं बरोबर आहे का ते तपासून पाहील.

असं पुस्तक लिहायला शहरातल्या लेखकाची वाट पाहावी लागत नाही. स्टोरीवीव्हरवरची चित्रं खुल्या परवान्याची आहेत. शिक्षकाला ती घेऊन मराठीत, किंवा पहिल्या पायरीसाठी ठाकरीत, आपलं पुस्तक बनवता येतं आणि शाळेच्या प्रिंटरवर छापता येतं. मजकूर मुलांनी तोंडी सांगावा, शिक्षकांनी फळ्यावर लिहावा, दुसऱ्या दिवशी तोच वर्गानं वाचावा. आपणच सांगितलेलं वाक्य वाचताना वेलांटी आणि रफारही तितके छळत नाहीत, कारण पुढचा शब्द काय येणार ते ठाऊक असतं.

आणि रानपिंगळ्याच्या पुस्तकात शेवटची दोन पानं कोरी सोडावीत असं मला वाटतं. २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' झाला, कारण तो समजत होते त्याहून जास्त ठिकाणी सापडू लागला. सापडला, कारण लोकांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं. कोऱ्या पानावर चार रकाने आखावेत. तारीख, पाडा, झाड कुठलं, काय करत होता. वर एक सूचना, दुसऱ्या पायरीच्या मराठीत. ढोलीजवळ जाऊ नका, लांबून पाहा.